प्रभाकररावांचा घसरलेला पंचम

कोपरच्या ‘शरयू’ इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीबाईंविषयी लोक बरंच काही बोलत, आणि गंमत म्हणजे त्यातलं बहुतेक खरं होतं. त्यांच्या हातची चकली अडकित्त्यानं फोडावी लागते, हे खरं. पत्त्यांत त्या राजरोस लबाडी करतात, हेही खरं. आणि एकोणसत्तरी गाठलेली ही बाई रोज दिवेलागणीला गॅलरीच्या कठड्याशी उभी राहते आणि रस्त्याकडे तोंड करून चक्क शीळ घालते, हे तर सगळ्यात खरं.

शीळ म्हणजे नुसती फुंकर नव्हे. सा, ग आणि वरचा पंचम. तीन सूर, एकेक सुटा आणि स्वच्छ, खाडीच्या वाऱ्यावर पार रिक्षा स्टँडपर्यंत पोचणारा. समोरच्या इमारतीत नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस तो हमखास खिडकीत डोकवायचा. एका निवृत्त गृहस्थांनी तर त्यानंतर रोज दाढी करायला सुरुवात केली, अशी बातमी तळमजल्यावरच्या कमळाबाईंनी पसरवली होती. ‘शरयू’ जिथे उभी आहे तिथे पूर्वी कमळाबाईंच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं. त्यामुळे इमारतीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी काय शिजलं याची खबर ठेवणं हा त्या आपला वडिलोपार्जित हक्क समजत. संध्याकाळी गेटाशी खुर्ची टाकून वाल सोलत बसायच्या आणि वरून शीळ आली की सुनेला हाक मारायच्या, “घातली गो वयनीनं शील! कुकर लाव आता.”

ती शीळ कोणासाठी, हे मात्र कमळाबाई कुणाला सांगत नसत. पोटात काही न राहणाऱ्या बाईनं तेवढं एक पथ्य पाळलं होतं.

सुमतीबाई माहेरच्या कल्याणच्या, पारनाक्यावरच्या. दोन थोरल्या भावांच्या नादानं शीळ शिकल्या आणि आईचे धपाटे खाऊनही विसरल्या नाहीत. बघायला आलेल्या मंडळींत होणाऱ्या सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “गाता येतं का?”

“गाता नाही येत. शीळ येते.”

वडिलांनी घाईघाईनं पोह्यांची बशी पुढे केली. सासूबाईंनी पदर सावरला, जणू कोणीतरी त्यांनाच शीळ घातली होती. मुलगा, म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेला प्रभाकर, पोह्यांचा ठसका लागून लालबुंद झाला होता. मंडळी निघाली, बोळाच्या वळणावर गेली, आणि तिथून तीन सूर आले. सा, ग, प. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच तीन सूर परत गेले. आता याद्या करायच्या तेवढ्या उरल्या.

त्या दिवशीचा प्रभाकररावांचा पंचम अगदी चोख होता, हे लक्षात ठेवायला हवं. तो बिघडला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. नव्या सुनेनं केलेली पहिली चकली त्यांनी मोठ्या कौतुकानं डाव्या बाजूनं चावली आणि सुळ्याचा तुकडा पडला. तेव्हापासून पहिले दोन सूर बरोबर लागत आणि तिसऱ्याला डाव्या बाजूनं वारा निसटे. पंचम घसरून मध्यमाच्या अंगावर पडे.

“दात बसवून घ्या,” सुमतीबाई म्हणायच्या. “काय तो बेसूर! कॉलनी ऐकते.”

“चकली तुझी, सूर माझा,” प्रभाकरराव म्हणायचे. “भोग आता.”

त्यांनी दात कधीच बसवला नाही. कामावरून आले की गेटाशी थांबून आपली बेसूर शीळ घालायची, वरून सुमतीबाईंनी शुद्ध पंचम लावून ती दुरुस्त करायची आणि मग चहाचं आधण ठेवायचं, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता. रिटायर झाल्यावर तर हा गृहस्थ संध्याकाळी उगाचच बाहेर पडायचा. कोथिंबीर घरात असताना कोथिंबीर आणायला जायचा. परत आल्याशिवाय शीळ कशी घालणार?

पुढे छातीचा त्रास सुरू झाला. ‘शरयू’ला लिफ्ट नाही. प्रभाकरराव दुसऱ्या मजल्यावर थांबत. तिथे सोसायटीचा फळा आहे. टाकी साफ करण्याची तीच ती सूचना वाचण्याचं निमित्त करून ते पायरीवर टेकत आणि खिशातली बारीक गोळी जिभेखाली ठेवत. वर येत तेव्हा चेहरा लाल, कानाच्या पाळ्या तांबड्या आणि कपाळावर हात. त्या गोळीनं रक्तवाहिन्या सैल होतात, छातीवरचा ताण उतरतो, पण डोकं ठणकतं. सुमतीबाईंना सगळं कळायचं. तरी त्या दारातच म्हणायच्या, “लाजताय कोणाला एवढं? दुसऱ्या मजल्यावर कोण भेटली?”

“तीच ती सूचना. टाकी साफ करायची म्हणते,” ते म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खालून शीळ आली. वरून उत्तर गेलं. आधण उकळलं, आटलं. प्रभाकरराव वर आले नाहीत. ते दुसऱ्या मजल्यावर फळ्याखाली टेकलेले सापडले. गोळ्यांची पट्टी हातात होती.

मुलानं, साकेतनं, सगळं निभावलं. मग आईला म्हणाला, “घोडबंदरला चल आमच्याकडे. बाविसावा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे.” सुमतीबाई नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर सांगितलं नाही. सांगणार काय? की माणूस जिन्यात आहे, त्याला हाक मारायला कोणीतरी गॅलरीत हवं?

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला शीळ फक्त वरून जाऊ लागली. खालून काही येत नसे. सुमतीबाई थोडा वेळ कान देऊन उभ्या राहत आणि आत येत.

अशात त्यांच्या डाव्या कानाखाली गाठ आली. सुपारीएवढी होती तेव्हा त्यांनी ती अंबाड्याच्या आणि कुड्यांच्या आड दडवली. पत्ते लपवायचा हात, गाठ लपवायला कितीसा वेळ! पण एका मुंजीत सून हेमांगी गजरा माळायला गेली आणि तिच्या बोटांना ती लागली. हेमांगी तशी मवाळ, पण त्या दिवशी मांडवातच म्हणाली, “आई, उद्या डॉक्टर. आणि ‘हे कोणाला सांगू नकोस’, तसलं काही चालणार नाही.”

सुई घालून तपासणी झाली, स्कॅन झाला. ठाण्याच्या एका हॉस्पिटलातल्या सर्जननी चित्र काढून दाखवलं. लाळेच्या ग्रंथीत गाठ आहे. आज साधी दिसते, पण वाढते आहे, आणि अशा गाठीची उद्याची खात्री देता येत नाही. काढायला हवी. अडचण एवढीच की त्याच ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. झाडाच्या फांद्यांसारखी पसरते. एक फांदी डोळा मिटते, एक हसवते, एक ओठ हलवते.

“म्हणजे ओठांचा चंबू?” सुमतीबाईंनी विचारलं.

“तोही.”

“मग शीळ?”

“आई!” साकेत पुटपुटला. त्याला लहानपणापासून या शिळेची लाज. शाळेतून येताना मित्र म्हणायचे, तुझी आई शिट्टी मारते.

सर्जननी मात्र पेन खाली ठेवलं. “चेहरा वाकडा होईल का, असं सगळे विचारतात. शीळ पहिल्यांदाच ऐकतोय. नस जपायचा पूर्ण प्रयत्न करू. पण ही जागा रक्ताळ. थेंब थेंब झिरपत राहतं आणि लालीत तो पांढरा दोरा दिसत नाही. म्हणून ऑपरेशन चालू असताना तुमचा रक्तदाब मुद्दाम खाली ठेवावा लागतो. ते काम भूल देणाऱ्या डॉक्टरांचं. आणि तुमचा दाब तर आत्ताच भलता वर आहे. आधी त्यांना भेटा.”

भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे डॉ. प्रियांका. कळव्यात वाढलेली, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. पट्टा आवळून तिनं दाब मोजला, भुवई उंचावली आणि पुन्हा मोजला.

“काकू, हा दाब घेऊन तुम्ही चालत आलात? माझा असता तर मी झोपून आले असते.”

“कमी कसा करणार तू तो? झोपवल्यावर?” सुमतीबाईंनी विचारलं.

“घोडबंदर रोडवरून आलात ना? गाड्यांची किती ढकलाढकली! समजा रस्ताच रुंद झाला, तर ढकलाढकली कमी होईल की नाही? तसंच. एक औषध असतं, ते रक्तवाहिन्या रुंद करतं. पंपातून थेंबाथेंबानं द्यायचं. दाब उतरतो, झिरपणं कमी होतं, सर्जनना नस दिसते.”

“मग खूप उतरव की. दोरा लख्ख दिसू दे त्यांना.”

“खूप उतरवला तर मेंदू आणि हृदय उपाशी राहतील. तुमच्या वयाला आणि तुमच्या प्रेशरला खाली जायची एक हद्द आहे. शरीराला वर राहायची सवय लागली की ते एकदम खाली नाही येऊ शकत. आधी तुम्ही गोळ्या घेऊन नीट खाली या, मग मी अजून थोडं उतरवते. दोघींनी मिळून करायचंय हे.”

“औषध कोणतं?”

“नायट्रोग्लिसरीन. छातीच्या दुखण्यात जिभेखाली गोळी ठेवतात ना, त्याच घराण्यातलं.”

डॉ. प्रियांकानं सहज पुन्हा पट्टा फुगवला आणि यंत्राकडे बघून म्हणाली, “आता काय झालं? आणखी चढलं.”

घरी साकेतनं दाब मोजायचं यंत्र आणलं. लोणचं बंद झालं, पापड गेला, गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात आकडे रांगेला लागले. फक्त संध्याकाळचा आकडा ऐकेना. सकाळी गुणी मुलासारखा वागणारा दाब दिवे लागायच्या वेळी उसळी मारून वर. डॉ. प्रियांकानं विचारलं, “संध्याकाळी करता काय? भांडता कोणाशी?”

सुमतीबाई कानातली कुडी फिरवू लागल्या.

बरोबर आलेल्या हेमांगीनंच सांगितलं. खाली मान घालून, हळू आवाजात, शीळ, गेट, दुसरा मजला, सगळं. सासूबाईंना वाटायचं सुनेला यातलं काही ठाऊक नाही.

डॉ. प्रियांकानं दाबाच्या आकड्यांवरून पुन्हा नजर फिरवली. मग म्हणाली, “मोजता कधी? शिळेच्या आधी की नंतर?”

“आधी. एकदा ते उरकलं की मग मोकळी होते.”

“उद्यापासून आधी शीळ, मग मोजा.”

तसं केलं, तर आकडा खाली. लांब श्वास सोडला की दाब थोडा उतरतोच, असं डॉ. प्रियांका म्हणाली. सुमतीबाईंनी मान डोलावली. श्वासाचं त्यांना ठाऊक नव्हतं. पण वाट बघण्याचं वजन असतं आणि हाक मारून झाल्यावर ते थोडं उतरतं, एवढं त्यांना कुणी सांगायला नको होतं.

तारीख ठरली. आदल्या दिवशी डॉ. प्रियांकानं बजावलं, “रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही. फक्त प्रेशरची गोळी, सकाळी, एका घोटाबरोबर.”

आता इथे घोटाळा झाला. सुमतीबाईंनी आयुष्यभर हरतालिकेचा उपास निर्जळी केला होता. ज्या बायका दुपारी नारळपाणी घेत त्यांच्याकडे त्या कीव करून बघत. ‘काही प्यायचं नाही’ हे वाक्य त्यांच्या कानाला ओळखीचं लागलं. पुढचं घोटाबिटाचं, त्यांना वाटलं, कच्च्या लोकांसाठी दिलेली सवलत असणार. आणि मनात त्यांनी देवीशी बोलणी केली होती, कोणाला न सांगता: उपास मी कडकडीत करते, शीळ तू सांभाळ.

सकाळी हेमांगीनं गोळी आणि घोटभर पाणी पुढे केलं. सुमतीबाईंनी भांडं ओठाला लावलं, मान मागे टाकली, “झालं” म्हणाल्या. पत्त्यांत हुकमाचा एक्का जिथे जातो तिथेच ती गोळी गेली, म्हणजे पदराच्या निऱ्यांत.

ऑपरेशनच्या टेबलापाशी पट्टा फुगला आणि यंत्र ओरडायला लागलं. डॉ. प्रियांकानं वाट पाहिली, पुन्हा मोजलं, आकडा हलेना. “काकू, गोळी घेतलीत ना?”

“पाण्याचा थेंबसुद्धा घेतलेला नाही. हरतालिकेसारखा कडकडीत उपास आहे माझा,” सुमतीबाई अभिमानानं म्हणाल्या.

त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. एवढ्या चढलेल्या दाबाला औषधानं एकदम खाली खेचणं जोखमीचं, डॉक्टरांनी साफ नकार दिला. सर्जन वैतागले. साकेत इतका चिडला की बाहेर जाऊन उभा राहिला. डॉ. प्रियांका मात्र स्टूल ओढून सुमतीबाईंच्या उशाशी बसली.

“काकू, हरतालिका कशासाठी करतात?”

“मनासारखा नवरा मिळावा म्हणून.”

“मग? मिळाला?”

“मिळाला.” सुमतीबाईंनी छताकडे बघितलं. “राहिला नाही.”

पट्टा आपोआप सैल होत सुसकारला. डॉक्टरांनी तो काढला आणि दंडावर उठलेला वळ हातानं चोळला.

“तो उपास तुमच्या देवीचा. हा माझा आहे. माझ्या उपासाला गोळी चालते. चालते म्हणजे काय, तिच्याशिवाय तो फळतच नाही. मला तुमची शीळ वाचवायची आहे, आणि तुम्हीच माझा हात बांधून ठेवलात.”

सुमतीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. देवीशी केलेली गुप्त बोलणी अशी चव्हाट्यावर आली की बाईमाणसाला कुठे बघावं कळत नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गोळी घेतली. हेमांगीनं जीभ उचलून दाखवायला लावली, तीही दाखवली. टेबलावर निजवल्यावर सर्जन वाकून म्हणाले, “आजी, एकदा ऐकवा. काय वाचवायचंय ते आम्हाला कळू दे.”

त्या थंड खोलीत, हिरव्या टोप्या घातलेल्या लोकांमध्ये, सुमतीबाईंनी ओठांचा चंबू केला. सा. ग. प. पंचम इतका सरळ लागला की हत्यारं मांडणारी सिस्टर थबकली. डॉ. प्रियांका यंत्राकडे बघत होती. “उतरला बघा,” ती हळूच म्हणाली. “आता पुढचं माझ्याकडे. शब्द नाही देत हं मी. पण डोळा हलवणार नाही पंपावरून.”

भुलीच्या आधीच्या शेवटच्या क्षणी सुमतीबाईंच्या मनात आलं, जे ह्यांच्या जिभेखाली विरघळत होतं, तेच आता आपल्या अंगात फिरणार. दुसऱ्या मजल्यावर टेकल्यावर ह्यांना जे वाटायचं ते आपल्याला इतकी वर्षं नुसतं बघून माहीत होतं.

जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं. हेमांगी वाकून विचारत होती, “आई, काय होतंय?”

“डोकं,” सुमतीबाई म्हणाल्या. “खूप ठणकतंय गं.”

“त्या औषधानं असेल, भुलीनंही असेल, जाईल म्हणाल्यात डॉक्टर. आई, रडताय का? एवढं दुखतंय?”

त्यांनी नाही अशी मान हलवायचा प्रयत्न केला. पट्ट्यांमुळे ती हलली नाही. हे असं दुखायचं तर! आणि आपण दारात उभं राहून विचारायचो, कोण भेटली.

गाठ पूर्ण निघाली होती. तपासणीतही काही वाईट निघालं नाही. नस शाबूत होती, सर्जननी ती स्वच्छ पाहिली होती. पण तिच्या आजूबाजूनं इतकं काम झालं की ती रुसली. डावा खालचा ओठ ऐकेना. हसलं की उजवीकडचं तोंड हसायचं आणि डावीकडचं नुसतं बघायचं. “दोन-तीन महिने द्या तिला,” सर्जन म्हणाले आणि आरशासमोर करायचे ओठांचे व्यायाम शिकवले.

सुमतीबाईंना घोडबंदरला नेलं. बाविसाव्या मजल्यावरून माणसं दिसतच नाहीत. खाली नुसते दिव्यांचे दोन ओघ, एक पांढरा आणि एक लाल, दोन्ही तुंबलेले. दिवेलागणीला त्या बाल्कनीत जायच्या, ओठ गोळा करायच्या, आणि डावीकडून वारा निघून जायचा. फू. सूर नाही. एकदा साकेत मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “आई, शाळेत असताना मी तुला सांगितलेलं ना, माझ्या मित्रांसमोर नको घालूस. तू थांबलेलीस. बाबांची यायची खालून, आणि तू नुसता पदर हलवायचीस. दोन दिवस.”

“मग?”

“बाबांनी मला पाच रुपये दिले नि म्हणाले, तुझे मित्र दुसरीकडे ने.”

सुमतीबाई हसल्या. उजव्या बाजूनं. “आणि तू नेलेस! लबाडा, पाच रुपयांत विकलास मला.”

“बेसूर होते पण बाबा,” साकेत म्हणाला. “मी ऑफिसमधून येतो ना, लिफ्टमध्ये कधी कधी तोंडून निघते. नाही जमत. कोणालाच नाही जमत तशी.”

टाके सुकल्यावर सुमतीबाईंनी हट्टानं कोपर गाठलं. कमळाबाई गेटाशीच होत्या. त्यांनी चेहरा न्याहाळला, वाकडा ओठ पाहिला, आणि सहानुभूतीचा एक शब्दही न बोलता म्हणाल्या, “आलीस का गो वयनी? तू नाय त कुकर कदी लावाचा तेच कलत नाय. पार भात करपवला सुनेनं.”

तीन मजले चढताना सुमतीबाई दुसऱ्यावर टेकल्या. फळ्यावर टाकी साफ करण्याची सूचना होती. त्यांनी ती पूर्ण वाचली.

आणि त्या संध्याकाळी ते झालं. कठड्याशी उभं राहून त्यांनी सवयीनं ओठ जुळवले. सा लागला. त्या दचकल्या. ग लागला. मग पंचम घ्यायला गेल्या, तर डाव्या बाजूनं वारा निसटला आणि सूर घसरून मध्यमाच्या अंगावर पडला.

सुमतीबाईंनी कठडा घट्ट धरला. ही शीळ त्यांची नव्हती. चाळीस वर्षं रोज गेटापासून वर आलेली, रोज दुरुस्त केलेली, चार वर्षं कुठूनही न आलेली ती शीळ. त्यांच्या स्वतःच्या तोंडातून.

त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा तसाच घसरला. किती बेसूर! किती, किती बेसूर!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम बंद केले.

“आई, आरशासमोरचे केलेत का आज?” हेमांगी फोनवर विचारायची.

“केले की. दोनदा.”

पत्त्यांतली लबाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या ‘दोनदा’चा अर्थ कळेल. दिवसभर त्या तोंडाला विश्रांती देत. कोणाशी फार बोलत नसत, हसत नसत, डावा ओठ कामाला लागू नये म्हणून घास उजवीकडे चावत. दिवेलागणीला एकदाच, फक्त एकदाच, शीळ घालत आणि पंचम घसरला की डोळे मिटून घेत. उत्तर देता येत नसे. बोलावणारा आला होता आणि दुरुस्त करणारी मुकी झाली होती. पण गॅलरीतून आत येताना त्यांच्या पायांत घाई असे, जशी आधण ठेवायच्या वेळी पूर्वी असायची. दाबाचा आकडा तर असा शहाण्यासारखा वागू लागला की डॉ. प्रियांकानं फोनवर विचारलं, “काकू, काय चाललंय काय? माझ्या गोळीचं एवढं कर्तृत्व नाहीये हे.”

पण नसेला कोणी लबाडी शिकवलेली नव्हती. ती आपली मुकाट भरून येत होती. आधी चहा सांडायचा थांबला. मग एकदा कमळाबाईंनी कोणाच्या तरी दाढीचा किस्सा सांगितला आणि सुमतीबाई दोन्ही बाजूंनी हसल्या. हसताना त्यांच्याच लक्षात आलं आणि हसू तिथेच थांबलं.

त्या संध्याकाळी सा लागला, ग लागला आणि पंचम अगदी सरळ, काठोकाठ लागला. खाली कोणीतरी टाळी वाजवली. कमळाबाई ओरडल्या, “जमली गो जमली!” आत फोन वाजत होता, हेमांगीचाच असणार, तिला सांगितलं असतं तर ती पेढे घेऊन आली असती.

सुमतीबाई फोनकडे गेल्या नाहीत. इतका शुद्ध सूर त्यांना आयुष्यात इतका नकोसा कधी झाला नव्हता. त्या उभ्याच राहिल्या. रस्त्यावरचे दिवे लागले, भाजीवाल्यानं गाडीवर बल्ब पेटवला, आणि खालून नेहमीसारखं काही आलं नाही.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पत्ता लपवण्याआधी बघतात तसं. डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं, ओठ किंचित खाली ओढला आणि फुंकर घातली. सा. ग. आणि बोटापाशी वारा निसटून पंचम धप्पकन घसरला.

बोट काढलं. थोडं थांबल्या, जेवढं पूर्वी थांबत तेवढं. आणि मग ओठ नीट जुळवून, चोख पंचमासकट, तिन्ही सूर लावून ती शीळ दुरुस्त केली.

खाली वाल सोलणारे हात थांबले. कमळाबाईंनी मान वर केली. चाळीस वर्षं त्यांनी गेटाशी बसून ही जोडी ऐकली होती, एक खालून, एक वरून. त्यांनी गेटाकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

“वयनी,” त्यांनी हाक मारली, आणि बातमी काढायचा नेहमीचा आवाज आज त्यांना जमला नाही. “कोन आलंय गो?”

सुमतीबाई कठड्यावरून वाकल्या.

“आलेत, पण वर नाही आले अजून,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यावर टेकलेत. येतील दम खाऊन.”

आणि आधण ठेवायला आत गेल्या.